उलटसुलट सल्ले आणि नवे हस्तलिखित : एक संवाद

मराठीत नव्याने लिहू लागलेल्या माणसाला सल्ल्यांची वाण कधी पडत नाही. त्याची अडचण ही असते की मिळालेले सल्ले एकमेकांना छेद देतात. लिहिलेले वर्षभर बाजूला ठेवून पुन्हा लिहावे असे एक जण बजावतो, तर पहिल्या उमाळ्याला हात लावू नये असे दुसरा सांगतो; कोणी प्रमाणभाषेचा आग्रह धरतो, तर कोणी घरच्या बोलीचा; नामांकित प्रकाशकाच्या होकाराची वाट पाहावी असे मानणारे जितके आहेत, तितकेच स्वतः पुस्तक काढून मोकळे व्हावे असे म्हणणारेही आहेत. या विरोधाची छाननी निबंधकाराच्या एकट्या आवाजात करण्यापेक्षा दोन भूमिका समोरासमोर बसवून करणे सोयीचे असते, आणि या रीतीला मराठीत भक्कम पूर्वपरंपरा आहे, कारण जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’चा सगळा युक्तिवाद धोंडीराव आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांतून उभा केला होता. तेथे एक विचारतो आणि दुसरा उलगडून सांगतो; येथे मात्र दोघेही सांगणारे आहेत, आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो नवलेखक हेतुतः बाहेर ठेवला आहे. पहिले वक्ते एक संपादक आहेत, ज्यांची हयात प्रकाशनसंस्थांसाठी हस्तलिखिते वाचण्यात गेली. दुसरी एक कवयित्री आहे, जिने स्वतःचे आणि आपल्या परिचितांचे संग्रह स्वतःच छापून काढले. दोघेही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातली पुस्तके, माणसे आणि कायदे मात्र खरे आहेत.

संपादक : नवलेखकाने पुनर्लेखन टाळू नये, हा सल्ला सर्वांत आधी मांडला पाहिजे. पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणे किंवा ऱ्हस्वदीर्घ तपासणे नव्हे. लेखकाला जे सांगायचे होते आणि पहिल्या खर्ड्यात जे प्रत्यक्ष उतरले, त्यांतले अंतर ओळखून रचना पुन्हा बांधणे म्हणजे पुनर्लेखन. १९३३ ते १९८२ या काळात निघालेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचा दबदबा जितका छापलेल्या कथांमुळे होता, तितकाच तो छापण्याआधी लेखकाशी होणाऱ्या चर्चेमुळेही होता, आणि श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांच्या संपादनाचे नाव आजही काढले जाते ते याच कारणाने.

कवयित्री : या नियमाने पाहिले तर मराठीतली दोन सर्वांत जिवंत पुस्तके कच्ची ठरतील. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली, आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ही अशीच झपाट्याने लिहिली गेली व १९६३ साली, लेखक पंचविशीत असताना, प्रसिद्ध झाली. ही हस्तलिखिते वर्षभर पेटीत ठेवली असती, तर त्यांचा ताप उतरला असता.

संपादक : पाच दिवस हा हात चालल्याचा काळ झाला, श्यामच्या आठवणी लेखकाच्या मनात त्याआधी कित्येक वर्षे घोळत होत्या, म्हणजे पुनर्लेखन कागदावर झाले नसले तरी ते झालेच नव्हते असे म्हणता येत नाही. आणि नेमाडे यांचाच दाखला पुढे न्यायचा, तर ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही कादंबरी २०१० साली, म्हणजे ‘कोसला’नंतर ४७ वर्षांनी आली, आणि तिच्यामागे दीर्घकाळ चाललेले काम होते. एकाच लेखकाने दोन्ही सल्ले पाळले, असे म्हणावे लागेल.

कवयित्री : सल्ले पाळले असे म्हणण्यापेक्षा पुस्तकांनी ते पाळायला लावले असे म्हणणे अधिक नेमके होईल. ‘कोसला’त पंचविशीतला एक तरुण आपल्याच आवाजात एका दमात बोलतो, त्यामुळे तिथे वेग हा रचनेचाच भाग आहे, ‘हिंदू’त काळाचे थर एकावर एक चढलेले आहेत आणि निवेदक पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, त्यामुळे तिथे उत्खननाची चाल अपरिहार्य आहे. मग ‘पुन्हा लिहा’ हा सल्ला उरतो कोठे? उरतो तो एवढाच प्रश्न, की हे पुस्तक कोणत्या चालीचे आहे.

संपादक : हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर नवलेखकाला स्वतःहून सुचत नाही, आणि म्हणूनच त्याला दुसऱ्या वाचकाची गरज लागते. एका दमात लिहिलेली दहा हस्तलिखिते वाचली, तर त्यांतल्या बहुतेकांत दम आधी संपतो आणि पाने नंतर.

या पहिल्याच खटक्यात पुढील सगळ्या वादाचे मूळ दिसते. दोन्ही सल्ले जन्माला आले तेव्हा ते कोणत्या तरी विशिष्ट हस्तलिखिताविषयी होते. पुढे ते हस्तलिखित गळून पडले आणि उरलेले वाक्य म्हणीसारखे हातोहात फिरू लागले. म्हणींची गंमत अशी की प्रत्येक म्हणीला उलट सांगणारी दुसरी म्हण सापडतेच, आणि त्यांतली खरी कोणती हे म्हणींकडे पाहून ठरत नाही. सल्ला ऐकणाऱ्याने आधी त्याचे गळालेले अर्धे अंग, म्हणजे तो कोणत्या लिखाणाबद्दल आणि कोणत्या खोटीवर दिला गेला होता ते, शोधून काढले, तर निम्मे विरोध तिथेच मावळतात. उरलेले निम्मे मात्र मावळत नाहीत, आणि त्यांतला सर्वांत चिवट विरोध भाषेचा आहे.

कवयित्री : नवलेखकाला, विशेषतः पुण्या-मुंबईबाहेरून आलेल्याला, सर्वांत आधी सांगितले जाते ते ‘भाषा सुधारा’ असे, आणि सांगणाऱ्याच्या मनात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम, म्हणजे १९६२ चे १४ आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले ४, हे लेखनाच्या एकसारखेपणासाठी आहेत; कथेतल्या निवेदकाने, म्हणजे जो आवाज ती कथा सांगतो त्याने, कोणत्या मराठीत बोलावे याविषयी ते एक अक्षरही सांगत नाहीत.

संपादक : ही सरमिसळ होते हे मान्य आहे. पण ‘बोलीतच लिहा’ हा उलट सल्लाही तितकाच आंधळा असू शकतो, हे दोन पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे कळते. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची; तिचा निवेदक माणदेशातल्या धनगरवस्तीवर नेमलेला कोवळा शाळामास्तर आहे, त्यामुळे निवेदन साध्या प्रमाण मराठीत चालते आणि वस्तीवरची माणसे बोलू लागली की बोली येते. आनंद यादव यांचा ‘गोतावळा’ १९७१ चा. तिथे सांगणारा नारबा हा शेतावर राबणारा गडी आहे, आणि म्हणून निवेदनही सबंध बोलीतच आहे. मास्तराच्या तोंडी नारबाची भाषा घातली असती, तर ‘बनगरवाडी’ खोटी झाली असती. नारबाला मास्तराची भाषा दिली असती, तर ट्रॅक्टर आल्यावर मळ्यातून जनावरे एकेक करून जाताना त्याला जे होते, ते दुसऱ्याच कोणी सांगितल्यासारखे झाले असते. म्हणून ‘प्रमाण की बोली’ असा प्रश्न न विचारता ‘सांगणारा कोण’ असे विचारावे.

कवयित्री : या उत्तरात एक चोरवाट आहे. सांगणारा कोण हे ठरवण्याचा अधिकार लेखकाचा. पण त्या सांगणाऱ्याचे कोणते शब्द वाचकाला झेपतील, हे संपादक ठरवू लागला की मास्तर पुन्हा मागच्या दाराने आत येतो. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ची १९७२ ची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली, त्या कवितांतले अनेक शब्द त्यांना अपरिचित होते, आणि त्यांनी काय केले, तर त्यांचे अर्थ कवीलाच विचारून घेतले. शब्द बदला असे त्यांनी सुचवले नाही. सल्ला देणारा मोठा असूनही विचारणारा झाला, ही त्या प्रस्तावनेची थोरवी आहे.

संपादक : तेंडुलकरांना विचारायला ढसाळ हाताशी होते, तालुक्याच्या वाचनालयात तेच पुस्तक उघडणाऱ्याला कोणी हाताशी नसते. संपादक ज्याची बाजू घेऊन बोलतो तो हा दूरचा वाचक. एखादा बोलीतला शब्द अडला, तर तो संदर्भाने उलगडतो का, हे पाहणे संपादकाचे काम आहे. आणि एकाच बोलीतला एकच शब्द दहाव्या पानावर एका रीतीने व पन्नासाव्या पानावर दुसऱ्या रीतीने लिहिला असेल, तर ती बोलीची नव्हे, लेखकाची कसूर आहे, आणि तीवर बोट ठेवणे म्हणजे बोलीवर घाला घालणे नव्हे.

कवयित्री : एवढ्यापुरते एकमत होऊ शकते. अडले कोठे, हे दूरच्या वाचकाच्या वतीने सांगावे. काय घालावे, हे सांगू नये.

संपादक : काय घालावे हेही कधीकधी सांगावे लागते, बाई. हस्तलिखितात अडलेले ठिकाण दाखवले आणि लेखक महिनाभर तिथेच घुटमळत राहिला, तर त्याला एखादी वाट सुचवणे यात दडपशाही कसली? फार तर तो ती नाकारेल.

कवयित्री : नाकारण्याचे बळ ज्याच्याकडे आहे तोच नाकारेल, आणि पहिल्या पुस्तकाच्या लेखकाकडे ते क्वचितच असते. सल्ल्याबरोबर सल्लागाराचे स्थान येते, हे न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या ग्रंथकार सभेच्या वेळीच दिसून आले होते. १८८५ साली फुले यांना त्या सभेचे निमंत्रण गेले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारले, आणि त्या पत्राचा आशय असा होता की ज्या ग्रंथकारांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या जगण्याला जागा नाही, त्यांच्या सभेत बसून काही मिळणार नाही. त्याला सभ्यतेचा अभाव म्हणणारे आजही सापडतील. पण सल्ला कोणत्या ओट्यावरून येतो हे पाहून तो घ्यावा की न घ्यावा, याचा मराठीतला हा जुना आणि स्वच्छ दाखला आहे.

संपादक : तो दाखला मान्य आहे. पण ओटा फक्त प्रस्थापितांचाच असतो, असे समजण्याचे कारण नाही. लघुअनियतकालिके, म्हणजे ठरावीक तारखेचे आणि जाहिरातींचे बंधन न मानता तरुण लेखकांनी स्वतःच काढलेली छोटी नियतकालिके, १९५० च्या दशकातल्या ‘शब्द’पासून पुढे ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ अशी निघत राहिली. ‘सत्यकथा’ची अभिरुची एका वर्गाची आहे, हा त्यांचा आक्षेप बऱ्याच अंशी खरा होता, आणि त्या आक्षेपाची धग एवढी की १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘सत्यकथा’च्या अंकांची जाहीर होळीही झाली. परंतु त्या मंडळींनीही नवागतावर काही संकेत लादलेच. दुर्बोध लिहिले म्हणजे धीट लिहिले, आणि मोठ्या प्रकाशकाकडे गेला तो बाटला, हे दोन सल्ले त्या काळी कोणत्याही संपादकाच्या पत्राइतकेच दबाव आणणारे होते.

कवयित्री : तरीही त्या चळवळीने एक नवी सोय निर्माण केली, ती म्हणजे नकारानंतरही छापून येण्याची.

संपादक : आणि त्या चळवळीचे सर्वांत मोठे नाव काय सांगते? अरुण कोलटकर ‘शब्द’च्या काळापासून लिहीत होते, त्यांचा पहिला मराठी संग्रह ‘अरुण कोलटकरच्या कविता’ अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला तो १९७७ साली, आणि ‘भिजकी वही’ आली ती २००३ साली. प्रकाशन घरचे म्हणावे असे होते, अडवणारा संपादक नव्हता, आणि तरी हा कवी दोन-दोन दशके थांबला. म्हणजे घाई न करण्याचा सल्ला प्रस्थापितांची मिरास नाही.

येथे कवयित्री काही क्षण निरुत्तर होते, आणि ते योग्यच आहे, कारण तिच्या बाजूचा सर्वांत वजनदार दाखला तिच्याविरुद्ध साक्ष देऊन गेला आहे. वादाच्या हिशेबापलीकडे पाहता या दाखल्यातून एक गोष्ट निघते: स्वतः प्रकाशन करणे आणि लवकर प्रकाशन करणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि नवलेखकाला मिळणाऱ्या सल्ल्यांत त्या नेहमी एकाच गाठोड्यात बांधून दिलेल्या असतात. गाठोडे सोडले की मोठ्या प्रकाशकाकडे झटपट जाता येते, जसे ‘कोसला’बाबत झाले, आणि स्वतःच्या माणसांकडे असूनही सावकाश जाता येते.

यापुढचे बोलणे व्यवहाराचे आहे. त्यात दोघांचा सूर बदलतो, कारण येथे अभिरुचीचा नव्हे तर पडताळून पाहता येण्याजोग्या गोष्टींचा संबंध येतो, आणि अशा गोष्टींत उलटसुलट सल्ले असण्याचे खरे तर कारणच नाही.

कवयित्री : ‘प्रकाशक देईल त्यावर सही करा, पहिल्या पुस्तकाला अटी घालू नयेत’ असे सांगणारे शहाणे पुष्कळ भेटतात, ‘सगळे प्रकाशक लुबाडतात’ असे सांगणारेही भेटतात.

संपादक : दोघांनाही १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा वाचायला द्यावा. लिहिणारा हा त्या लिखाणाचा पहिला हक्कदार असतो, आणि तो हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्काचे हस्तांतरण, म्हणजे तो दुसऱ्याच्या नावे करून देणे, लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते; त्या लेखात कोणते पुस्तक, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि लेखकाला काय मिळणार, हे नमूद असावे लागते. मुदत लिहिलीच नसेल, तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता धरला जातो. आणि वेगळे ठरले नसल्यास, घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही तर तो हक्क संपुष्टात येतो. हस्तलिखित देऊन, हक्काचा करार करून वर्षानुवर्षे थांबलेल्या लेखकाला ही शेवटची तरतूद ठाऊक असती, तर त्याला कोणाच्या सल्ल्याची गरज पडली नसती.

कवयित्री : भाषांतर, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क छापील आवृत्तीबरोबर आपोआप जात नाहीत, हेही तिथेच सांगून टाकावे. आणि स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यांसाठी हे, की आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची जगभर ओळख पटवणारा क्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय अभिकरणाकडून विनामूल्य मिळतो. खर्चाच्या अंदाजपत्रकात त्याची रक्कम दिसली, तर ती कशाची हे विचारावे.

संपादक : लेखकाकडून छपाईचा खर्च घेऊन वर प्रकाशकाचे नाव लावणे, ही रीत मराठीत सर्रास आहे, आणि तिला सरसकट वाईटही म्हणता येणार नाही. पण त्या व्यवहारात प्रकाशक हा मुद्रकासारखा असतो, त्यामुळे ‘आपले पुस्तक फार चांगले आहे, लगेच काढू या’ हे त्याचे मत साहित्यिक सल्ला म्हणून मोजू नये. पैसे नाहीत म्हणून पुस्तक अडले असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते, आणि त्यासाठी हस्तलिखित तज्ज्ञांच्या नजरेखालून जाते. म्हणजे पैशाबरोबर एक तिऱ्हाईत मतही मिळते.

कवयित्री : तिऱ्हाईत मत हवे असेल, तर नारळीकरांची युक्ती उत्तम. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत विष्णु नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे आपलीच आद्याक्षरे उलटी करून, पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. नावाला मिळणारे मत आणि लिखाणाला मिळणारे मत त्यांनी असे वेगळे करून घेतले.

संपादक : नवलेखकाला ते उलटे करावे लागत नाही, त्याचे नाव तसेही कोणाला ठाऊक नसते. त्याची स्थिती याबाबतीत नारळीकरांपेक्षा बरी आहे, फक्त त्याला ती बरी वाटत नाही. आता एकच मुद्दा राहिला, आणि त्यावर एकमत होईल असे दिसत नाही. पहिले पुस्तक परत घेता येत नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांना पाठवावी लागते. लेखकाने उरलेल्या सगळ्या प्रती रद्दीत घातल्या, तरी या चार प्रती त्याच्या पन्नाशीत कोणीतरी काढून वाचू शकतो.

कवयित्री : वाचू द्या. लोक काही एवढ्यासाठी कोलकात्याला जात नाहीत. आणि पेटी व पुस्तक यांच्या मध्ये मराठीत एक मोठी जागा आहे, जी हे सगळे सल्लागार विसरतात. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर वर्षी ही जागा निर्माण होते. कोलटकर दोन दशके थांबले ते पुस्तकापुरते. कविता नियतकालिकांतून लोकांपुढे जातच होत्या. नवलेखकाने पुस्तकाची घाई करू नये आणि अप्रकाशितही राहू नये. या दोन्ही गोष्टी एकदम शक्य आहेत, आणि शिवाय दिवाळी अंकाचा संपादक सल्ला देत नाही, घेतो किंवा परत करतो.

संपादक : हाच तर त्याचा दोष. कारणाशिवाय आलेला नकार काहीच शिकवत नाही, आणि लेखक मग त्या मौनात आपल्याला हवे ते कारण भरतो. कथा परत आली, तर वाचणाऱ्याचे लक्ष कोणत्या पानावर सुटले, एवढे तरी त्याने विचारून घ्यावे. मत नको, दुरुस्ती नको, फक्त पानाचा आकडा.

कवयित्री : आणि गणपतीपासून हस्तलिखितांच्या ढिगाखाली दबलेला संपादक त्याला उत्तर देईल, असे आपल्याला वाटते?

संपादक : तेव्हा देणार नाही. तुळशीचे लग्न उरकल्यावर विचारले, तर पुष्कळदा देतो.